घरी बनवलेला एअरोबार पुन्हापुन्हा घसरतो: जुन्या टाइम ट्रायल सायकलीवरचे समस्या निवारण

एअरोबार म्हणजे हँडलवरून पुढे निघणारे दोन दांडे आणि कोपर टेकायच्या गाद्या; टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्याने पळवायच्या शर्यतीत, त्यावर वाकून बसतात. तो घसरतो त्याचे लक्षण ठरलेले असते. घरी अँगल जुळवायचा, बोल्ट कचकचून आवळायचे, सायकल बाहेर काढायची. पहिले तीन-चार किलोमीटर सगळे जागच्या जागी. मग एखादा रम्बलर किंवा पुलाचा सांधा येतो आणि कोपराखाली काहीतरी बोटभर खचल्यासारखे वाटते. घरी पोचेपर्यंत दांड्यांची टोके चाकाकडे झुकलेली असतात. पुन्हा आवळायचे, पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बोल्टाचे आटे जातात, नाहीतर ॲलन कीचा खड्डा गोल होतो, आणि मग लेथवाल्याकडे फेरी.

क्लॅम्प, म्हणजे दांडे हँडलवर धरणारी दोन अर्ध्या कड्यांची पकड, घसरतो तो आवळणे कमी पडते म्हणून नाही. हे पटत नाही कुणाला, म्हणून आकडे मांडू.

कोपराच्या प्रत्येक गादीवर साधारण १५ किलो भार येतो असे धरा. गादीचा मध्य हँडलच्या नळीच्या मध्यापासून ५ सेंटिमीटर पुढे असेल, तर क्लॅम्पला खाली फिरवू पाहणारा जोर झाला सुमारे ७.५ न्यूटन-मीटर. खड्ड्यात हा भार क्षणभर तिप्पट झाला तर २२ च्या आसपास. आता पकड बघा. एम५ (५ मिलिमीटर जाडीचा) बोल्ट ५ न्यूटन-मीटरने आवळला की तो अंदाजे ५,००० न्यूटन, म्हणजे अर्ध्या टनाने ओढून धरतो. दोन बोल्ट म्हणजे एक टन. नळीची जाडी २६ मिलिमीटर, आणि ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियमच्या घर्षणाचा गुणांक हात आखडून ०.१५ धरला, तरी पकड ४० न्यूटन-मीटरच्या घरात जाते. गरजेच्या जवळजवळ दुप्पट. एवढे असूनही क्लॅम्प घसरत असेल, तर बोल्टांचा निम्मा जोर नळीपर्यंत पोचतच नाही. तो मध्येच कुठे जिरतो ते शोधायचे. सपाट रस्त्यावर ठीक आणि फक्त खड्ड्यात घसरतो, याचा अर्थही हाच: निम्मी पकड रोजच्या भाराला पुरते, खड्ड्याला पुरत नाही.

आधी घसरतोय कुठला सांधा?

एअरोबार खाली आला म्हणजे त्याचाच क्लॅम्प सुटला असे नाही. जुन्या सायकलीवर तीन सांधे संशयित असतात: पुढचा दांडा क्लॅम्पच्या आत फिरतो, क्लॅम्प हँडलवर फिरतो, किंवा अख्खे हँडलच स्टेमच्या, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणाऱ्या भागाच्या, तोंडात फिरते. दोन्ही बाजूंचा जोर शेवटी स्टेमवर एकत्र येतो, आणि १९८० च्या दशकातल्या स्टेमला हँडल धरायला बहुधा एकच बोल्ट असतो. त्यामुळे तिसरी शक्यता वाटते तेवढी दुर्मीळ नाही.

ऑफिसात वापरतात ते व्हाइटनर घ्या. तिन्ही सांध्यांवर आडवी, बारीक, सरळ रेघ ओढा, अर्धी एका भागावर आणि अर्धी दुसऱ्यावर. वाळू द्या. मग नेहमीच्या वाटेने वीस किलोमीटर जाऊन या. जिथली रेघ तुटून दोन तुकडे झाले असतील तो चोर. रेघेचे तुकडे किती सरकले हेही मोजा: २६ च्या नळीवर १ मिलिमीटर सरकणे म्हणजे जवळजवळ साडेचार अंश, आणि २५ सेंटिमीटर लांब दांड्याचे टोक तेवढ्याने दोन सेंटिमीटर खाली येते. म्हणून घसरण डोळ्याला मोठी दिसते आणि सांध्यात मात्र नखभरही नसते.

दिशाही बोलते. दांडे खाली जात असतील तर गाद्या हँडलच्या पुढे आहेत. दांडे वर उठत असतील तर गाद्या हँडलच्या मागे आहेत, किंवा चढावर तुम्ही दांडे ओढता आहात. फक्त एकच बाजू जात असेल, तर बाटली कोणत्या हाताने काढता ते आठवा. तेवढा वेळ सगळा भार दुसऱ्या कोपरावर असतो. गियरचे लिव्हर दांड्यांच्या टोकाला बसवले असतील, तर हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहा. केबलचे आवरण आखूड असले की प्रत्येक वळणाला ते दांड्याला थोडे थोडे फिरवत राहते, आणि दोष मात्र क्लॅम्पला लागतो. आवरण पाच-सहा सेंटिमीटर लांब घ्या, संपले.

व्हर्नियर न लावता पुढे जाऊ नका

सर्वांत जास्त घोटाळा इथे आहे. जुन्या हँडलांच्या मापांचा मेळ नसतो. रोडस्टर (साधी घरगुती सायकल) आणि एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) मुठीची नळी २२.२ मिलिमीटर, रोड हँडलची मूठ २३.८, मधला जाड भाग कधी २५.४, कधी २६.०, आणि जुन्या इटालियन चिनेली हँडलांत २६.४. आजचे क्लिप-ऑन, म्हणजे हँडलवर चढवायचे तयार एअरोबार, ३१.८ साठी बनतात. लेथवाल्याला 'एक इंचाचे हँडल आहे' असे सांगितले की तो २५.४ चा बोअर (क्लॅम्पचे गोल भोक) मारणार. हातात प्रत्यक्षात २६.० असते. ०.६ मिलिमीटरचा हा फरक डोळ्याला दिसत नाही, पण पकडीचे तीनतेरा तोच वाजवतो.

बोअर नळीपेक्षा मोठा असेल तर दोन्ही अर्ध्या कड्या एकमेकींना टेकतात. त्यानंतर बोल्ट जेवढा आवळाल तेवढा जोर कडी कडीवर टाकते, नळीला त्यातले काही मिळत नाही. हाताला मात्र बोल्ट घट्ट लागतो. बोअर लहान असेल तर कड्या फक्त चार काठांवर टेकतात, नळीत रुततात, आणि ॲल्युमिनियमवर खोल ओरखडे उठतात. हे दुसरे जास्त वाईट, कारण ओरखड्यापासून भेग सुरू होते.

पडताळा सोपा आहे. बोल्ट नेहमीइतके आवळून झाल्यावर हॅक्सॉचे पाते दोन कड्यांमधल्या फटीत घाला. हाताच्या हॅक्सॉचे पाते अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडे जाड असते. ते दोन्ही बाजूंना आरपार गेले पाहिजे. एका बाजूला जाते आणि दुसऱ्या बाजूला अडते, म्हणजे बोल्ट आळीपाळीने न आवळता एकच पुढे नेला आहे. दोन्हीकडे अडते, म्हणजे कड्या भिडल्या.

मग टेकते कुठे ते बघा. नळीवर परमनंट मार्करचा काळा पट्टा मारा, क्लॅम्प हलक्या हाताने आवळा, मागेपुढे दोन अंश हलवा, काढा. जिथला रंग घासला तिथेच टेकते. जुने फिटर हेच काम निळ्या रंगाने करतात. निम्म्याहून अधिक घेरात रंग घासलेला दिसला तर बोअर चांगला. वर-खाली दोनच रेघा दिसल्या तर शिम, म्हणजे मधली फट भरणारी पातळ पट्टी, लागणार. चार काठांवरच घासला असेल तर बोअर पुन्हा मारावा लागेल.

शिम: किती जाड, कशाची

शिमची जाडी व्यासाच्या फरकाच्या निम्मी, हे विसरून लोक दुप्पट जाडीची पट्टी कापतात. २५.४ चे हँडल २६.० च्या बोअरमध्ये बसवायचे तर पट्टी ०.३ मिलिमीटर. २६.० चे हँडल २६.४ च्या स्टेममध्ये, तर ०.२. २३.८ ची मूठ २५.४ च्या क्लॅम्पमध्ये, तर ०.८, आणि एवढी जाडी लागली की पट्टी नको, लेथवर चिरलेली बाही बनवून घ्या.

बिअरच्या डब्याचा पत्रा सगळे सुचवतात. गोव्यात तो मिळायला अडचण नाही. पण त्याची जाडी ०.१ च्या आसपास; दोन-तीन पदर गुंडाळले की पदर एकमेकांवर सरकतात, म्हणजे घसरायला आणखी एक सांधा तयार होतो. एका पदराने भागत असेल तरच तो वापरा. ब्रासची शिम पट्टी हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते आणि यंत्रात ती उत्तम असते. खारट हवेत मात्र ब्रासशेजारचे ॲल्युमिनियम गंजते. पांढरी पूड होऊन पकड पुन्हा ढिली. म्हणून नेमक्या जाडीचा ॲल्युमिनियमचाच पत्रा घ्या.

२६ च्या नळीचा घेर ८१.७ मिलिमीटर. पट्टी ७९ ते ८० लांब कापा, म्हणजे टोके एकावर एक चढत नाहीत, आणि उरलेली फट क्लॅम्पच्या फटीसमोर आणा. रुंदी क्लॅम्पपेक्षा २ मिलिमीटर जास्त. कडा बारीक पॉलिश पेपरने मारा, नाहीतर ती पट्टीच नळीला कापत बसते.

फुगवट्याची अडचण

ही खास जुन्या सायकलींची. दांडे पुढे काढून कोपरांवर टेकायची पद्धत रूढ झाली ती १९८९ नंतर. त्या वर्षी टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी, व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये, ग्रेग लेमाँडने असे हँडल वापरले आणि लोराँ फिन्योंला एकूण ८ सेकंदांनी हरवले. त्याआधीच्या टाइम ट्रायल सायकली, पुढचे चाक लहान असलेल्या उतरत्या फ्रेमच्या, बैलाच्या शिंगासारख्या हँडलावर धावत. १९८४ मध्ये फ्रांचेस्को मोझरने तासाचा विक्रम (एका तासात सर्वाधिक अंतर) केला तो शिंगांना धरूनच. म्हणजे ज्या हँडलावर तुम्ही दांडे चढवता आहात, त्याच्या कारखान्याने हा भार कधी मनात धरलाच नव्हता.

परिणाम असा की मधला जाड भाग फक्त स्टेमपुरता असतो. स्टेमच्या दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर सरळ नळी मिळते, मग ती उतरत जाते. क्लॅम्प त्या उतारावर बसला की आतल्या काठाला घट्ट आणि बाहेरच्या काठाला सैल. आवळताना तो हळूच बाहेर, बारीक भागाकडे सरकतो आणि आपोआप ढिला होतो. कितीही शिम घाला, हा क्लॅम्प टिकत नाही. शंकूवर क्लॅम्प बसवायचाच नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक, क्लॅम्प १८ मिलिमीटर रुंदीचा बनवून स्टेमला चिकटून सरळ भागावर बसवा; कोपरे जवळ येतात, वारा कमी लागतो, पण सायकल आवरायला सवय लागते. दोन, क्लॅम्प पूर्ण बाहेर, २३.८ च्या सरळ मुठीवर न्या, ०.८ ची बाही घाला, आणि गादीखालची पट्टी आत वळवून कोपरे जवळ आणा. आमचे मत दुसऱ्याकडे झुकते, कारण १८ च्या क्लॅम्पमध्ये दोन्ही बोल्टांना नीट जागा देणे अवघड जाते.

आणि एक गोष्ट करू नका: हँडलला भोक पाडून आरपार स्क्रू मारणे. घसरणे थांबते, हे खरे. पण जिथे सगळा वाक येतो तिथेच भोक पाडले जाते, आणि ॲल्युमिनियमचे हँडल आधी इशारा देऊन तुटत नाही. जुने हँडल असेल तर टेप काढून पाहाच. खाली पांढरी पूड, खड्डे किंवा स्टेमच्या काठाला केसाएवढी रेघ दिसली तर ते हँडल भिंतीवर टांगायला ठेवा.

लेथवाल्याला काय सांगायचे

कुंडई, बेतोडा, डिचोली किंवा थिवीच्या औद्योगिक वसाहतीत असे काम करणारी छोटी वर्कशॉप सापडतात. मालाला नाव घेऊन मागा: ६०६१-टी६, हा कणखर केलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. 'ॲल्युमिनियमचा तुकडा आहे' म्हणून मिळतो तो बऱ्याचदा ओतीव असतो आणि आट्यांत ठिसूळ निघतो.

सर्वांत महत्त्वाचे वाक्य हे: दोन कड्यांमध्ये दीड मिलिमीटरची पट्टी ठेवून, बोल्टाने आवळून, मग बोअर मारा. नंतर पट्टी काढली की फट आपोआप मिळते आणि बोअर नळीला गोल बसतो. हे न सांगितल्यास कड्या थेट भिडवून बोअर मारला जातो, फट शून्य राहते, आणि मग तुम्ही कानशीने फट काढत बसता. बोअर नळीच्या मोजलेल्या व्यासाइतका, वर जास्तीत जास्त ०.०५, खाली शून्य. रुंदी २५ ते ३० मिलिमीटर. एम५ ला ४.२ चे ड्रिल, एम६ ला ५.० चे. आटे ॲल्युमिनियममध्ये बोल्टाच्या जाडीच्या दुप्पट खोल हवेत: एम५ ला १० मिलिमीटर, एम६ ला १२.

भोक आरपार नसेल तर बोल्टाची लांबी तपासा. बोल्ट तळाला टेकला की हाताला घट्ट लागतो, आणि कडी मात्र मोकळीच. हा दोष सर्वांत फसवा आहे. तपासायला बोल्ट एकटाच, कडी न घालता भोकात पूर्ण फिरवा आणि किती बाहेर राहतो ते मोजा. बाहेर राहिलेली लांबी कडीच्या भोकाच्या लांबीपेक्षा जास्त भरली, तर बोल्ट तळाला टेकतोय. दोन मिलिमीटर कापा.

कड्या भिडत असतील आणि बोअर बाकी नीट असेल, तर नवा क्लॅम्प बनवायची गरज नाही. काचेच्या तुकड्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि कडीचे तोंड आठच्या आकड्यात घासा. प्रत्येक तोंडावरून ०.३ काढले तरी फट ०.६ ची होते, आणि तेवढ्याने निम्मे रुग्ण बरे होतात. बोअरच्या आत रंग किंवा पावडर कोटिंग असेल तर तेही उतरवा. कोटिंग दाबाखाली हळूहळू पसरते आणि आठवड्याभरात बोल्ट ढिले होतात.

थ्रीडी प्रिंटचा क्लॅम्प? त्यासाठी वापरतात ते पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ होते. एप्रिल-मेमध्ये दुपारी बंद गाडीत सायकल ठेवलीत तर तो आकारच बदलतो. लेथवाले नायलॉनचा रॉड सुचवतात, पण नायलॉन सतत दाबाखाली सरकते आणि पावसात पाणी पिऊन फुगते. गादीखालच्या पट्टीला चालेल. क्लॅम्पला दोन्ही नकोत.

दांडे

पडद्याचा पाइप नको. बाहेरून चकचकीत, आतून अर्धा-पाऊण मिलिमीटरचा पत्रा. क्लॅम्पखाली चेपतो, आणि चेपला की गोल राहत नाही, मग पकड कुठून येणार? विजेच्या फिटिंगचा पाइपही तसाच. २२.२ चा ॲल्युमिनियमचा दांडा निदान २ मिलिमीटर जाड भिंतीचा हवा, स्टील असेल तर १.२ चालेल. ६०६१-टी६ थंड वाकवू नका, बाहेरच्या बाजूने चिरतो. वाकवायच्या फंदात पडण्यापेक्षा जुन्या सरळ एमटीबी हँडलचे दोन तुकडे आणि टोकाला एमटीबीची शिंगे लावणे सोपे आणि भरवशाचे. वेल्डिंग करून कोन काढायचा विचार असेल तर वेल्डजवळच्या पट्ट्यात टी६ चा कणखरपणा निम्म्यावर येतो हे लक्षात ठेवा. ते काम स्टीलमध्येच करा.

दांडा क्लॅम्पमध्ये चेपत असेल तर आतल्या व्यासाची घट्ट बसणारी, ४० मिलिमीटर लांब ॲल्युमिनियमची भरीव गुटी क्लॅम्पखाली सरकवा. टोकाला लिव्हर बसवायचा असेल तर त्याच्या जागेसाठी नळीचा आतला व्यास आधी मोजा, भिंत जाड घेतली की तो आत जात नाही. लिव्हर नसेल तर टोके बुचाने बंद करा. उघडी नळी पोटात घुसते.

दोन्ही दांड्यांना पुढच्या बाजूला एक आडवा पूल जोडला तर एकाचा भार दुसरा घेतो आणि एकच बाजू घसरण्याचा प्रकार थांबतो. शंभर-दीडशे ग्रॅम वाढतात, चालेल. आणि गाद्या हँडलच्या मध्याच्या जवळ आणा. ५ सेंटिमीटर पुढची गादी २ वर आणली की फिरवणारा जोर ७.५ वरून ३ वर येतो. बोल्टाने जे साधत नाही ते ही सरकवासरकव फुकटात साधते. ग्रेम ओब्री या स्कॉटिश सायकलपटूने १९९३ मध्ये वॉशिंग मशीनचे बेअरिंग घालून घरी बनवलेल्या सायकलीवर तासाचा विक्रम केला, तेव्हाही त्याने आधी बदलली होती ती हातांची जागा.

खारा वारा आणि घाम

दुसरीकडे वर्षभर टिकणारा क्लॅम्प इथे गोव्यात तीन महिन्यांत ढिला का होतो, याचे उत्तर मीठ. एअरो स्थितीत डोके नेमके क्लॅम्पवर असते, नाकावरून घाम थेट बोल्टावर ठिबकतो. त्यात किनाऱ्याची हवा, आणि पणजीहून जाणाऱ्या रायबंदरच्या बांधावर तर एका हाताला मांडवी, दुसऱ्या हाताला खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याची सखल जमीन. स्टेनलेसचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमची कडी यांच्यामध्ये खारट ओल शिरली की ॲल्युमिनियम झिजते. आट्यांत पांढरी पूड साठते. मग तुम्ही लावलेला ५ न्यूटन-मीटर आट्यांच्या घासण्यातच खर्ची पडतो आणि कडीवर दोन-अडीचच पोचतो. खाणपट्ट्यातल्या रस्त्यांवरची तांबडी धूळ त्यात भर घालते.

म्हणून ग्रीस आट्यांना आणि बोल्टाच्या डोक्याखाली, भरपूर. नळीवर आणि बोअरमध्ये अजिबात नाही. पाण्यात न विरघळणारे मरीन ग्रीस घ्या; ट्रॉलर-होड्यांचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. तांब्याची पूड असलेली अँटी-सीझ पेस्ट ॲल्युमिनियमला नको. खोबरेल तेल लावायची सवय सोडा, ते काही आठवड्यांत चिकट होते आणि धूळ धरते.

नळी आणि बोअर पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, केमिस्टकडे मिळते. फेणीने पुसतात काही लोक. चालेल, पण त्यात निम्म्याहून जास्त पाणी असते, तेव्हा नंतर कोरडे फडके मारा. बाटलीचा सदुपयोग नंतर करता येईल. बोल्ट स्वतःच गंजले असतील तर माडाच्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवले की गंज सुटतो, मग धुऊन तेल लावा. हा उपाय स्टीलच्या बोल्टांना. ॲल्युमिनियमच्या कड्या त्यात बुडवून ठेवू नका.

आवळायची पद्धत

टॉर्क रेंच नसेल तर अडून राहू नका. एम५ ला ४ ची ॲलन की लागते, एम६ ला ५ ची. कीच्या लांब हातावर पाइपचा तुकडा चढवा. बोल्टाच्या मध्यापासून बरोबर १० सेंटिमीटरवर खूण करा, तिथे सामान तोलायचा स्प्रिंग काटा अडकवा, आणि पाइपला काटकोनात ओढा. काटा ५ किलो दाखवतो तेव्हा बोल्टावर ५ न्यूटन-मीटर पडलेले असतात. एम६ ला ८ किलो.

चारही बोल्ट आधी बोटाने टेकवा. मग एकाला पाव फेरा, समोरच्याला पाव फेरा, फट दोन्हीकडे सारखी ठेवत. काट्यावर ५ आले की थांबा, हॅक्सॉचे पाते फिरवून बघा, व्हाइटनरची नवी रेघ ओढा. दहा किलोमीटरनंतर पुन्हा एकदा काटा लावा. नवी शिम बसते, बोल्ट थोडे सैल पडतात, त्यात काही बिघडलेले नाही. दुसऱ्या वेळीही पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरला तर आटे ताणले जात आहेत. बोल्ट काढा, आट्यांवर ॲल्युमिनियमची तार गुंडाळून आलेली दिसली तर एम५ चे भोक एम६ करा किंवा हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या. लांब बोल्ट घालून वेळ मारून नेऊ नका.

गादीच्या पट्टीचे बोल्ट वेगळे. तिथे कंपनाने बोल्ट फिरून सुटतात, म्हणून नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला) नट किंवा आट्यांना चिकटवून धरणारे निळे लॉकटाइट २४३. क्लॅम्पच्या बोल्टांना ग्रीस आहे, तिथे लॉकटाइट घालायचे कारण नाही.

पहिली चाचणी सकाळी लवकर, रहदारी सुरू व्हायच्या आत, रायबंदरच्या बांधावर. सुमारे ३ किलोमीटर सपाट रस्ता आहे, चढ नाही, म्हणून भार कोपरांवर सारखा राहतो. हात ब्रेकपासून लांब असतात हे विसरू नका. पहिल्या फेरीत गाद्यांवर टेकण्याआधी शिंगे धरून दांड्यांना तळहाताने दोनदा जोरात दाबा. तिथे रेघ टिकली तर मग रम्बलर असलेला रस्ता.

यानंतर वर्षात दोनदा सगळे उघडायचे: एकदा मृगाच्या आधी, आणि एकदा चवथ आटोपली की. बोल्ट पूर्ण काढा, आट्यांतली पांढरी पूड टूथब्रशने घासून काढा, नवे ग्रीस, शिमखालची नळी पुसून उजेडात फिरवून पाहा. शिमच्या काठाशी नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर क्लॅम्प सेंटिमीटरभर बाजूला घ्या, आणि तेवढी जागा नसेल तर हँडल बदला.